थोरल्याला उठवताना

डेपोतल्या मशीनरूमला काचेचं दार होतं आणि त्यावर ताईंनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लावली होती: ‘काम असेल तर बाहेरून हाक मारा. काम नसेल तर तेवढंही करू नका.’ ड्रायव्हरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे ती पाटी पाळायचे, कारण ताईंशी वाकडं घेऊन कोणाचंच भलं झालेलं नव्हतं. कोणती बस कोणी न्यायची, कोणाची सुट्टी मंजूर, तिकिटांचे पैसे किती आले, हे सगळं ज्या मोठ्या सर्व्हरवर चालायचं तो ताईंच्या ताब्यात होता. त्या डेपोच्या सिस्टिम ॲडमिन. सर्व्हरचं नाव त्यांनीच ठेवलं होतं, थोरला.

थोरल्याची एक थोरवी ताई आल्यागेल्याला ऐकवत. तो डेपोत आला त्या दिवसापासून एकदाही बंद पडला नव्हता, की कोणी बंद केला नव्हता. किती दिवस तो सलग जागा आहे याचा आकडा स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसायचा. बाकीच्या बायका नातवाची उंची ज्या कौतुकाने बघतात त्या कौतुकाने ताई रोज सकाळी तो आकडा बघायच्या आणि मगच पर्स टेबलावर ठेवायच्या.

“काय, तुझे भाऊजी उठले का?” त्यांचे यजमान रोज संध्याकाळी विचारायचे. यजमानांचं शिलाईचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलं की बायकोची थट्टा हा त्यांचा जोडधंदा.

“ते झोपतच नाहीत, तर उठतील कशाला?” ताई म्हणायच्या.

“म्हणूनच तू पण झोपत नाहीस. लग्नाला नाही, बारशाला नाही. माझ्या भाचीच्या लग्नात सगळे विचारत होते, मामी कुठंय? मी सांगितलं, मामी थोरल्या दिरांची सेवा करतेय.”

ताई हसून सोडून द्यायच्या. पण खरं होतं ते. गेल्या कित्येक वर्षांत त्या शहराबाहेर मुक्कामाला गेल्या नव्हत्या.

अशा सगळ्या सुखात नवे मॅनेजर आले. माणूस वाईट नव्हता, फक्त प्रत्येक गोष्टीचं सर्टिफिकेट मागायची त्याला खोड होती. वायरमनचं सर्टिफिकेट, टायरवाल्याचं सर्टिफिकेट. फिरत फिरत ते मशीनरूमच्या काचेशी आले, पाटी वाचली, आणि बाहेरून हाक मारली. त्यातही ताईंना त्यांचा चांगुलपणा दिसला. पुढचं बोलणं ऐकलं तेव्हा दिसेनासा झाला.

“बाई, तुमचं काम उत्तम आहे असं सगळे सांगतात. पण कागद काय आहे तुमच्याकडे?”

“कागद कशाला? थोरला चालतोय की.”

“अनुभवी ॲडमिन लोकांसाठी एक कोर्स आहे. आठवडाभराचा, दिवसभर. शेवटी परीक्षा. ती पास करून या. तिमाही संपायच्या आत सर्टिफिकेट नसेल तर वरून आदेश आहे, मशीनरूम बाहेरच्या कंपनीकडे द्यायची.”

“आणि मी?”

मॅनेजरांनी दारावरची पाटी पुन्हा एकदा वाचली. “हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर एक जागा आहे.”

बसमध्ये विसरलेल्या छत्र्या, डबे, आणि कोण जाणे कशी पण दर महिन्याला न चुकता येणारी एक कवळी. ताईंच्या डोळ्यांसमोर ती खिडकी उभी राहिली आणि त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांनी तिथल्या तिथे अर्जावर सही केली.

कोर्सच्या वर्गात सगळीच मुरलेली मंडळी होती. एक बँकवाले होते, ते वर्गातही कोट काढत नसत. एक कॉलेजातली लॅबवाली होती, ती सगळं कीबोर्डवरूनच करायची आणि तिला माउस धरणाऱ्या माणसांची कीव यायची. शिकवलेली प्रत्येक गोष्ट ऐकून तिघांपैकी कोणीतरी म्हणायचंच, “आमच्याकडे असं करत नाहीत.” अनुभवी माणसाला शिकवणं म्हणजे भरल्या पोटाला आग्रह करण्यासारखंच.

आणि शिकवायला कोण उभा? धांदल्या!

धांदल्या पूर्वी ताईंच्या हाताखाली उमेदवारी करायचा. वायर एकीची दुसरीत, पासवर्ड टाकायच्या आधीच एंटर, चहाचा कप कीबोर्डच्या अंगावर. हे नाव ताईंनीच ठेवलेलं. वर्षभरात तो दुसरीकडे गेला तेव्हा ताईंनी कीबोर्डच्या वतीने सुटकेचा निःश्वास टाकला होता. आता त्याच्या शर्टाला इस्त्री होती, गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्यावर ‘प्रमुख प्रशिक्षक’ असं छापलेलं. ताईंना बघताच त्याच्या हातातला खडू खाली पडला.

“ताई, तुम्ही?”

“शिकायला आलेय. शिकव.”

बिचाऱ्याने शिकवलं. आणि चांगलं शिकवलं, हे ताईंनाही मनातल्या मनात कबूल करावं लागलं. पण पहिल्याच दिवशी त्याने परीक्षेचा एक नियम सांगितला आणि वर्गात कुरकुर सुरू झाली.

“परीक्षेत तुम्हाला एक मशीन मिळेल. जे जे सांगितलंय ते त्याच्यावर करायचं. वेळ संपली की आम्ही आधी ते मशीन बंद करून परत चालू करणार. मग तपासणार. जे परत उभं राहील त्याचेच मार्क. मशीन उठलंच नाही तर सगळ्याला शून्य.”

“हा अन्याय आहे,” बँकवाले म्हणाले.

“आमच्याकडे मशीन बंदच करत नाहीत,” ताई म्हणाल्या, आणि निम्म्या वर्गाने मान डोलावली.

“म्हणूनच,” धांदल्या हळूच म्हणाला. “तेव्हा रोज सराव झाला की प्रत्येकाने एकदा बंद करून चालू करून बघायचं. सवय लावून घ्या.”

सगळ्यांनी नाकं मुरडत का होईना, सवय लावून घेतली. ताईंनी नाही. त्या नेमून दिलेलं काम सगळ्यांच्या आधी उरकायच्या, मग लॅबवालीचं अडलेलं सोडवायच्या, बँकवाल्यांना दोन टोमणे मारायच्या, आणि खुर्चीत मागे रेलून बसायच्या. धांदल्या त्यांच्या मागे येऊन घुटमळायचा.

“ताई, एकदा बंद करून बघा ना.”

“चालतंय ना?”

“चालतंय.”

“मग? मी तुला काय शिकवलं होतं?”

“चालत्या मशीनला हात लावायचा नाही,” धांदल्या शाळेतल्या पोरासारखा म्हणायचा.

“लक्षात आहे की. जा, चहाचं बघ.”

आणि प्रमुख प्रशिक्षक चहाचं बघायला जायचा. वर्गाला फुकटची करमणूक होती. घरी यजमानांनाही रोज साभिनय वृत्तांत मिळायचा. “त्याच्यापेक्षा मीच बरं शिकवते,” असं सांगून ताई दिवा मालवायच्या.

परीक्षेच्या दिवशी ताईंचे हात कीबोर्डवर नुसते पळत होते. नवे वापरकर्ते तयार केले, परवानग्या दिल्या, बॅकअप लावला. एक जुनी डिस्क काढून तिच्या जागी नवी जोडायची होती, ती तर त्यांनी मशीन चालू असताना, एका दमात बदलली. या कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. निम्मा वेळ शिल्लक असताना त्या उठल्या.

धांदल्या दाराशी उभा होता. त्याने घड्याळाकडे बघितलं, ताईंकडे बघितलं, ताईंच्या मशीनकडे बघितलं. “ताई, अजून खूप वेळ आहे.”

“तुझ्याकडेच ठेव तो,” ताई म्हणाल्या आणि चहा प्यायला गेल्या.

निकाल त्याच संध्याकाळी लागला. बँकवाले पास. लॅबवाली पास. ताई नापास, मार्क शून्य.

मशीन उठलंच नव्हतं. जागं होताना मशीन आधी बघतं, कोणकोणत्या डिस्क जोडायच्या म्हणून नेमून दिलंय. ताईंनी जुनी डिस्क काढली होती, पण तिची नोंद काढायची राहिली होती. मशीन चालू असताना ही नोंद कोणी बघत नाही, त्यामुळे काहीच बिघडलेलं दिसत नव्हतं. उठायच्या वेळी मात्र ते त्या नसलेल्या डिस्कची वाट बघत अर्ध्यावर थांबलं, ते थांबलंच. बाकी सगळं काम अगदी चोख होतं, आणि त्या चोखपणाचा दमडीचा उपयोग नव्हता.

रिकाम्या वर्गात ताईंनी धांदल्याला गाठलं. “तुला दिसलं होतं. मी उठले तेव्हाच तुला दिसलं होतं.”

“मी पेपर बघितला नव्हता, ताई. तुम्ही बंद करून बघितलं नाहीत, एवढंच दिसलं.”

“मग तोंड शिवलं होतं का तुझं?”

“परीक्षेत कसा बोलू? आणि आठवडाभर तेच तर बोलत होतो. तुम्ही मला चहा आणायला पाठवत होता.” त्याने हातातला खडू कुस्करला आणि धीर करून तो म्हणाला, “ताई, रागावू नका. डेपोत असताना मला थोरल्याची भीती वाटायची. हा बंद झाला तर उठेल का, हाच विचार दिवसभर डोक्यात असायचा. म्हणून मी गेलो तिथून. मला वाटतं, तुम्हालाही तीच भीती आहे.”

“मला? भीती?” ताईंनी पर्स उचलली. “शिंगं फुटली तुला.”

तरातरा चालत त्या घरी आल्या. यजमान टेबलावर कापड आखत होते. “काय, सर्टिफिकेट कुठल्या भिंतीवर लावायचं? भाऊजींच्या डोक्यावर लावूया का?”

ताई स्टुलावर बसल्या आणि रडायलाच लागल्या. यजमानांनी खडू खाली ठेवला. इतक्या वर्षांच्या संसारात ताई रडल्याचं त्यांना आठवत नव्हतं. त्यांना काही सुचेना, म्हणून जे नेहमी सुचतं तेच ते बोलले. “एवढंच ना? मग झोपव की एकदा त्या भाऊजींना. दमले असतील.”

“आणि उठले नाहीत तर?” ताई एकदम ओरडल्या. “अहो, उठले नाहीत तर?”

तेव्हा त्यांच्या स्वतःच्या कानांनी ते ऐकलं. इतकी वर्षं ज्याला त्या अभिमान म्हणत होत्या ती शुद्ध भीती होती. त्या आकड्याकडे रोज सकाळी बघायच्या तेव्हा आधी छातीत धस्स व्हायचं आणि मग जिवात जीव यायचा. लग्नं चुकली, बारशी चुकली, ती थोरल्याच्या प्रेमापोटी नव्हे. यजमानांनी त्या दिवशी पुढे एकही विनोद केला नाही. चहा मात्र केला, तोही बिनसाखरेचा झाला.

फेरपरीक्षेची एक संधी होती, तिमाही संपायच्या जरा आधी. ताई पुन्हा वर्गात बसल्या आणि या वेळी धांदल्या सांगेल ते निमूट केलं. मशीन बंद केलं की स्क्रीन काळी व्हायची आणि ती उजळेपर्यंत ताई मनातल्या मनात आकडे मोजायच्या. ते उठलं की त्या परत बंद करायच्या. परीक्षेच्या दिवशी तर पर्यवेक्षकांना येऊन सांगावं लागलं, “बाई, पुरे आता, झिजेल ते.” ताई पास झाल्या, आणि चांगल्या पास झाल्या.

मॅनेजरांनी सर्टिफिकेट उजेडात धरून बघितलं आणि खूश झाले. “झालं तर मग. मशीनरूम तुमची. अभिनंदन.”

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. छत्र्या आणि कवळी टळली होती. कोणी काही मागत नव्हतं, कोणी काही विचारत नव्हतं. पण ताई दोन दिवस मशीनरूममध्ये बसल्या आणि त्यांना चैन पडेना. तो कोपऱ्यातला आकडा त्यांच्याकडे डोळे वटारून बघतोय असं वाटायला लागलं. तिसऱ्या दिवशी त्या मॅनेजरांच्या केबिनमध्ये गेल्या.

“साहेब, थोरला एकदा बंद करून चालू करायचाय.”

“का? बिघडलाय?”

“नाही. चालतोय.”

“मग?”

आपलंच बोलणं समोरून असं ऐकू येईल असं ताईंना वाटलं नव्हतं. “चालतोय म्हणूनच,” त्या म्हणाल्या. “आपण दिवस आणि वेळ ठरवून बंद केला तर मी इथे असेन. त्याचा तो बंद पडला तर कोण कुठे असेल, काय सांगावं?”

मॅनेजरांनी पेनाचं टोपण काढलं, घातलं, काढलं. “आणि उठला नाही तर?”

“तर बघावं लागेल.”

“बाई, स्पष्ट सांगतो. संध्याकाळच्या पाळीच्या आत तो उठला नाही, तर सर्टिफिकेट असो नसो, मी त्या कंपनीला फोन करणार. मलाही वर उत्तर द्यायचंय.”

“करा,” ताई म्हणाल्या. त्यांनी टेबलावरचं कॅलेंडर साहेबांपुढे सरकवलं.

दुपारची वेळ ठरली, गाड्या कमी असतात तेव्हाची. संध्याकाळच्या ड्युट्या आधीच कागदावर काढून फळ्यावर लावल्या. कंडक्टरांना सांगितलं, हातातली तिकिटाची मशीनं दोन-तीन तास आपापली चालतील, घाबरू नका. त्यामुळे जे घाबरलेले नव्हते तेही घाबरले. धांदल्याला ताईंनी स्वतः फोन करून बोलावून घेतलं. “शिकवायला नको, नुसता उभा राहा,” असं बजावलं. काचेबाहेर ड्रायव्हरांची ही गर्दी जमली. मॅनेजर आत येऊन घड्याळ बघत उभे राहिले.

ताईंनी थोरल्याला बंद व्हायचा हुकूम दिला. पंखे एकेक करून थांबले आणि खोलीत अशी शांतता पसरली की ताईंना ती खोली अनोळखी वाटली. त्या आवाजाशिवाय ती त्यांनी कधी ऐकलीच नव्हती. मग त्यांनी बटण दाबलं.

पंखे फिरले. स्क्रीनवर अक्षरं धावली, धावली, आणि थांबली.

शेवटच्या ओळीत एका जुन्या डिस्कचं नाव होतं, ते ताईंनी लगेच ओळखलं; अक्षरं त्याच्या पुढे सरकेनात. धांदल्याने पुढे टाकलेलं पाऊल ताईंनी बजावलेलं आठवून मागे घेतलं.

“झालं का?” मॅनेजर म्हणाले.

“नाही, साहेब. उठत नाहीये.”

“असं होतं का नेहमी?”

प्रश्न किती सोयीचा होता! मॅनेजरांना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. ‘होतं साहेब, मोठं मशीन आहे, वेळ घेतं,’ एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. धांदल्यानेही मान डोलावली असती, तो ताईंना घाबरायचा म्हणून का होईना. ताईंच्या ओठांवर ते वाक्य आलंही.

“नाही,” त्या म्हणाल्या. “हा आज काय, कधीच उठणार नव्हता. मी मागे याची एक डिस्क काढली, चालू असतानाच काढली, आणि सगळ्यांना मिरवून सांगितलं. तिची नोंद तशीच राहिली. तेव्हापासून हा एकदा जरी बंद पडला असता तरी असाच अडकला असता. मी घरी असते, आजारी असते, तर सकाळची एक गाडी डेपोतून हलली नसती. चूक माझी आहे, साहेब.”

काचेबाहेरच्यांना ऐकू आलं नव्हतं, पण ताईंना दुसऱ्याची चूक सांगताना त्यांनी नेहमी बघितलं होतं. आज त्या बोट स्वतःकडे दाखवत होत्या, हे बघून सगळे काचेला आणखी चिकटले.

मॅनेजर चिडले, आणि त्यांचं चिडणं रास्त होतं. “मग हे सर्टिफिकेट कशाचं आहे, बाई?”

“याचंच,” ताई म्हणाल्या. “त्याच्याशिवाय मी हा बंदच केला नसता.”

एवढं बोलून त्या खुर्चीत बसल्या. पुढचं काम त्यांना येत होतं. अर्ध्यावर थांबलेल्या मशीनमध्ये कसं शिरायचं ते धांदल्यानेच शिकवलं होतं. जुन्या डिस्कची नोंद त्यांनी शोधली, पुसली, पुन्हा एकदा सगळं नीट तपासलं आणि थोरल्याला परत उठायला सांगितलं.

अक्षरं धावली. जिथे थांबली होती तिथून पुढे गेली, स्क्रीन भरली, रिकामी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या ड्युट्यांचा तक्ता समोर उभा राहिला. बाहेर ड्रायव्हरांनी आरडाओरडा केला. धांदल्या हसत होता आणि हसता हसता त्याने शर्टाच्या इस्त्री केलेल्या बाहीने डोळे पुसले.

मॅनेजरांनी घड्याळ बघितलं. संध्याकाळच्या पाळीला वेळ होता. खिशातला फोन त्यांनी बाहेर काढला होता, तो हातातच राहिला. मग तो परत खिशात ठेवून ते थोरल्याजवळ आले.

“बाई,” ते शेवटी म्हणाले, “आता हा माझ्यासमोर परत एकदा बंद करा.”

“परत?”

“हो. परत उठलेला बघितल्याशिवाय मला आज झोप लागायची नाही.”

ताई हसल्या. इतकी वर्षं ती झोप त्यांची एकटीची उडालेली होती, आता भागीदार मिळाला. त्यांनी खुर्ची थोडी बाजूला सरकवली आणि मॅनेजरांना बटण दाखवलं.

“तुम्हीच दाबा, साहेब,” त्या म्हणाल्या. “मी इथेच आहे.”